वॉरंटी संपलेल्या विजेच्या मोटारगाडीचे इलेक्ट्रॉनिक्स बिघडले तर: एस्टिमेटवर सही करण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सांगलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या विजेच्या मोटारगाडीची बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावूनही होती तिथेच होती. गाडीला सव्वाचार वर्षे झाली होती आणि गाडीवरची तीन वर्षांची वॉरंटी केव्हाच संपली होती. दोन दिवसांनी सर्व्हिस सेंटरकडून एस्टिमेट आले. त्यात ‘ऑनबोर्ड चार्जर बदलणे’ एवढीच ओळ होती (ऑनबोर्ड चार्जर म्हणजे बाहेरची एसी वीज मोठ्या बॅटरीसाठी डीसी करून देणारा गाडीतला भाग), पुढे १,५६,००० रुपये लिहिले होते आणि खाली बारीक अक्षरात ‘कर वेगळा’ असे होते. १८ टक्के जीएसटी धरला की हा आकडा १,८४,०८० होतो. माझे काम शेवटी ३२,००० रुपयांत झाले. प्रत्येकाचे तसे होईल असे मी सांगू शकत नाही, पण त्या पाच आठवड्यांत एक गोष्ट पक्की कळली: एस्टिमेट म्हणजे निदान नव्हे. कोणता भाग बदलायचा ते एस्टिमेट सांगते. तो भाग का गेला, खरोखरच गेला का आणि बदलल्यावर नवा टिकेल का, हे ते सांगत नाही. ही उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही करू नये. ती कशी मिळवायची आणि मिळाल्यावर पुढे काय करायचे, ते मी केले त्या क्रमाने येथे लिहीत आहे.

पहिल्या तासात

गाडीच्या पडद्यावर जो इशारा आला असेल त्याचा फोटो आणि शक्य असल्यास व्हिडिओ घ्यावा. त्यात किलोमीटर, बॅटरीची टक्केवारी आणि वेळ दिसली पाहिजे. आदल्या रात्री गाडी कोठे, कोणत्या चार्जरवर होती, पाऊस होता का, वीज गेली-आली का, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण महिन्याभराने विमा कंपनीला किंवा ग्राहक आयोगाला हाच तपशील हवा असतो आणि तोपर्यंत तो डोक्यातून गेलेला असतो. ‘एकदा बॅटरीची वायर काढून लावा, सगळे जाईल,’ असा सल्ला हमखास मिळेल. तो मानू नये. वायर काढल्याने कधी कधी गाडी तात्पुरती सुरू होते, पण फॉल्ट कोड (बिघाडाचा गाडीने स्वतः नोंदवलेला सांकेतिक क्रमांक) आणि तो उमटला त्या क्षणीच्या नोंदी पुसल्या जाण्याचा धोका असतो आणि बिघाडाचा सर्वांत चांगला साक्षीदार आपणच घालवून बसतो.

नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) असतात, त्यांना हात लावू नये. गाडी बंद असली तरी इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारा भाग) आणि चार्जरमधल्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटे जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. गाडी पाण्यात उभी होती असा संशय असेल तर ती सुरू करून पाहू नये आणि चार्जिंगलाही लावू नये. न्यायची असेल तर चारही चाके वर घेणाऱ्या फ्लॅटबेडवरूनच न्यावी, कारण मोटरला जोडलेली चाके रस्त्यावर फिरली की मोटर स्वतः वीज तयार करू लागते.

आधी छोटी बॅटरी

विजेच्या गाडीतही १२ व्होल्टची साधी बॅटरी असते. मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिची वीज जोडणारे-तोडणारे मोठे स्विच) जोडण्यासाठी आणि सगळी कंट्रोल युनिट जागी करण्यासाठी लागणारी वीज तीच देते. ती कमजोर झाली की पडद्यावर एकाच वेळी पाच-सहा भयंकर इशारे येतात, ब्रेकपासून मोटरपर्यंत सगळेच बिघडल्यासारखे दिसते आणि घाबरलेला मालक लाखाच्या एस्टिमेटला मनाने तयार होतो. म्हणून साध्या मल्टिमीटरने दोन मोजमापे घ्यावीत. ही मोजमापे फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीच्या टोकांवर घ्यायची आहेत. गाडी काही तास बंद राहिल्यावर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि १२ च्या खाली आकडा आला तर ती उतरलेली किंवा संपलेली आहे. नंतर गाडी ‘रेडी’, म्हणजे चालवण्यास तयार, करून पुन्हा मोजावे. मोठ्या बॅटरीतून छोटी बॅटरी भरणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर नीट चालत असेल तर आकडा साधारण १३.५ ते १४.५ व्होल्टपर्यंत चढतो. तो १२ च्या आसपासच राहून हळूहळू उतरू लागला, तर छोटी बॅटरी नवी घालूनही ती पुन्हा उतरणार, कारण तिला भरणारा कन्व्हर्टरच काम करत नाही. काही गाड्यांत कन्व्हर्टर गरजेनुसार दाब कमी-जास्त करतो, म्हणून एकाच आकड्यावर न थांबता दिवे आणि पंखा लावून पाच मिनिटांत दोन-तीनदा मोजावे.

बिघाड कोणत्या बाजूला आहे

सर्व्हिस सेंटरला जाण्यापूर्वी बराच उलगडा घरूनच करता येतो. घरच्या सॉकेटवर गाडी चार्ज होत नसेल तर ती दुसऱ्याच्या घरी किंवा सार्वजनिक एसी चार्जरवर (घरच्यासारखीच वीज देणाऱ्या) लावून पाहावी. तेथे चार्ज झाली तर दोष आपल्या वायरिंगमध्ये, अर्थिंगमध्ये किंवा सोबतच्या केबलमध्ये आहे. कोणत्याच एसी चार्जरवर होत नाही, पण डीसी फास्ट चार्जरवर होते, असे असेल तर ती बातमी बरी आहे. फास्ट चार्जर ऑनबोर्ड चार्जरला वळसा घालून थेट मोठ्या बॅटरीला वीज देतो, त्यामुळे मोठी बॅटरी, तिचे कॉन्टॅक्टर आणि बीएमएस (बॅटरीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा) ठीक आहेत असे मानायला जागा राहते आणि संशय ऑनबोर्ड चार्जर, चार्जिंगचे तोंड आणि त्यांमधल्या वायरिंगपुरता उरतो. दोन्हीकडे चार्ज होत नसेल आणि गाडी ‘रेडी’ही होत नसेल, तर उच्च दाबाचे इंटरलॉक (कनेक्टर सुटल्यास वीज तोडणारी सुरक्षा साखळी), इन्सुलेशन (वीज गळू न देणारा रोध) किंवा कॉन्टॅक्टर यांकडे पाहावे लागते.

इशारा फक्त पावसात येतो आणि दोन दिवस ऊन पडले की जातो, हेही लिहून ठेवण्यासारखे आहे. असा दोष बहुधा कनेक्टरमध्ये शिरलेल्या ओलाव्याचा असतो आणि तो कोरडा करून, सील बदलून जाऊ शकतो. अख्खे युनिट बदलायचे कारण तेथे नसते.

माझी गाडी कुपवाडजवळच्या डीसी चार्जरवर व्यवस्थित भरली. शिवाय त्याच रात्री वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या फ्रिजचा बोर्ड जळाला होता. हे दोन धागे मी एकत्र बांधले तेव्हाच गाडीपेक्षा इमारतीच्या मीटर-पॅनेलकडे माझे लक्ष गेले.

वॉरंटीचे कागद पुन्हा वाचावेत

‘आठ वर्षांची वॉरंटी’ हे शब्द आपण गाडी घेताना ऐकलेले असतात आणि चौथ्या वर्षी तेच आपल्याला फसवतात. भारतात विकल्या गेलेल्या बहुतेक विजेच्या गाड्यांना निदान दोन वेगवेगळ्या वॉरंटी असतात. उदाहरणार्थ, जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरी आणि मोटरला ८ वर्षे किंवा १.६ लाख किलोमीटर अशी वॉरंटी होती, तर बाकी गाडीला ३ वर्षे किंवा १.२५ लाख किलोमीटर. त्याच महिन्यात आलेल्या एमजी झेडएस ईव्हीच्या गाडीला ५ वर्षे होती आणि बॅटरीला ८ वर्षे किंवा १.५ लाख किलोमीटर. ऑनबोर्ड चार्जर, डीसी-डीसी कन्व्हर्टर, इन्व्हर्टर, बीएमएसचा बोर्ड आणि जंक्शन बॉक्स हे भाग या दोनपैकी कोणत्या खात्यात पडतात, ते प्रत्येक कंपनीच्या पुस्तिकेत वेगळे असते. ‘बॅटरी पॅक’ची व्याख्या शोधावी. बीएमएस पॅकच्या आत बसवलेला असेल आणि पुस्तिकेत तो स्पष्टपणे वगळलेला नसेल, तर तो मोठ्या वॉरंटीत येतो असा दावा करण्यास जागा आहे. काउंटरवरच्या माणसाचे तोंडी ‘येत नाही’ हे उत्तर पुरेसे मानू नये. कोणत्या कलमानुसार येत नाही, ते ईमेलवर विचारावे.

त्यानंतर जुनी जॉबकार्डे काढावीत. वॉरंटी चालू असताना ‘चार्जिंग मध्येच थांबते’ अशी तक्रार आपण नोंदवली असेल, त्यावर ‘तपासले, ठीक आहे’ असे लिहून गाडी परत दिली असेल आणि आज तोच भाग गेला असेल, तर दोष वॉरंटीच्या काळातच सुरू झाला होता असे म्हणण्यासाठी तो कागद सोन्याच्या मोलाचा आहे. वॉरंटी संपायला महिनाभर असताना अशी कोणतीही बारीक तक्रार लेखी नोंदवून ठेवावी, हे मला उशिरा कळले.

आणखी एक गोष्ट इथेच पाहावी, ती म्हणजे रिकॉल. रिकॉलचे काम वॉरंटी संपली तरी मोफत होते. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०अ नुसार १ एप्रिल २०२१ पासून सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी सक्तीच्या रिकॉलची तरतूद लागू आहे. प्रत्यक्षात बरेच रिकॉल कंपन्या स्वतःहून जाहीर करतात. जून २०२४ मध्ये ह्युंदाईने आयोनिक ५ च्या १,७४४ गाड्या आणि पुढच्या महिन्यात कियाने ईव्ही६ च्या १,१३८ गाड्या भारतात परत बोलावल्या, त्या चार्जर आणि कन्व्हर्टर एकत्र असलेल्या आयसीसीयू या युनिटसाठीच. या दोषात १२ व्होल्टची बॅटरी भरणे थांबते. आपल्या गाडीचा चॅसिस क्रमांक देऊन ‘या गाडीवर कोणतेही रिकॉल, सर्व्हिस कॅम्पेन किंवा सॉफ्टवेअर अपडेट बाकी आहे का’ असा प्रश्न सर्व्हिस सेंटरला नव्हे, तर कंपनीच्या ग्राहक कक्षाला लेखी विचारावा. रिकॉलपेक्षा लहान असलेली कॅम्पेन जाहीर होत नाहीत आणि न विचारणाऱ्याला ती कोणी सांगतही नाही.

निदान लेखी कसे मागावे

लाखाचा आकडा ऐकल्यावर आपण किमतीवर घासाघीस करू लागतो. माझ्या मते ती वेळ निदानावर घालवावी. तपासणीचे शुल्क किती, ते काम दिले तर बिलातून वजा होईल का, हे आधी ठरवून घ्यावे आणि मग पुढील गोष्टी ईमेलवर मागाव्यात.

पहिली, सगळ्या कंट्रोल युनिटचे फॉल्ट कोड, त्यांच्या क्षणचित्रासह, म्हणजे कोड उमटला तेव्हाचा दाब, तापमान आणि किलोमीटर यांच्यासह. कोड समजून घेणे अवघड नाही. पी०एए६ म्हणजे उच्च दाबाच्या यंत्रणेचे इन्सुलेशन कमी झाले आहे, पी०ए०डी म्हणजे इंटरलॉकचे सर्किट तुटलेले आढळले आहे, पी०ए९४ म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टरचे काम ठीक नाही. इंग्रजी ‘यू’ या अक्षराने सुरू होणारे कोड युनिटांमधला संवाद तुटल्याचे असतात आणि त्यांतले अनेक नुसत्या छोट्या बॅटरीच्या अशक्तपणामुळे उमटतात. कोड लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. पी०ए०डी आला की इंटरलॉकची साखळी ज्या दहा ठिकाणांहून जाते त्यांपैकी एखादा नीट न बसलेला कनेक्टरही कारण असू शकतो, आणि तो बसवायला पार्ट लागत नाही.

दुसरी, इन्सुलेशनचे प्रत्यक्ष मोजमाप. भारतातल्या एआयएस-०३८ या मानकानुसार डीसी भागासाठी प्रत्येक व्होल्टमागे किमान १०० ओहम आणि एसी भागासाठी ५०० ओहम इन्सुलेशन लागते. म्हणजे ३२० व्होल्टच्या गाडीत डीसी बाजूला किमान ३२,००० ओहम. ‘इन्सुलेशन फेल’ एवढे न लिहिता किती आले आणि कोणता भाग सोडवल्यावर ते सुधारले, हे विचारावे. उच्च दाबाच्या वाहिनीवर वातानुकूलनाचा (गाडीच्या एसीचा) कॉम्प्रेसर आणि हीटरही असतो. एकेक भाग वेगळा करून मोजल्याशिवाय दोषी भाग सापडत नाही, आणि बरेचदा असे न करता आधी सर्वांत महाग युनिट बदलले जाते.

इथे एक आडबाजूची, पण मोलाची गोष्ट सांगायला हवी. विजेच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरच्या वेटोळ्यांना तेल लागून वाहते, म्हणून त्यात वीज न वाहू देणारे पीओई प्रकारचे तेल घालावे लागते. साध्या पेट्रोल गाडीसाठीचे पीएजी तेल थोडेसे जरी त्यात गेले तरी इन्सुलेशन घसरू शकते आणि गाडी थेट बंद पडते. इशारा येण्याच्या आधीच्या काही आठवड्यांत कोणी बाहेर एसीचा गॅस भरून घेतला असेल, तर ते लपवू नये. निदान एका वाक्यात होईल.

तिसरी मागणी कारणाची: भाग का गेला? आत पाणी शिरले, बाहेरून जास्त दाब आला, थंडावा देणारे कूलंट कमी होते, की भाग आपोआप निकामी झाला? विमा, कंपनीची मदत आणि ग्राहक आयोग हे तिन्ही दरवाजे या एका उत्तरावर उघडतात किंवा बंद होतात. ‘इंटर्नल फेल्युअर’ हे उत्तर आले तर तेही लेखी मागून घ्यावे, कारण त्याचा अर्थ कंपनीच्याच अधिकृत माणसाने दोष बाहेरचा नाही असे लिहून दिले आहे.

एस्टिमेट वाचताना

पार्ट क्रमांक, पार्टची किंमत, मजुरीचे तास, प्रोग्रामिंगचे शुल्क, कूलंट आणि कर या वेगवेगळ्या ओळी मागाव्यात. सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी अनेक भागांवर २८ टक्के होता. जुन्या दराने बनवलेले एस्टिमेट समोर आले तर ते नव्याने करून घ्यावे. त्या युनिटमधला फ्यूज, रिले किंवा कनेक्टर सुटा मिळतो का, ते विचारावे. जुना भाग परत मिळेल असे कामाला होकार देण्यापूर्वीच लिहून घ्यावे, कारण काम झाल्यावर तो ‘कंपनीला गेला’ असे उत्तर मिळते. नव्या भागावर किती महिन्यांची हमी आहे आणि गाडी उभी राहिल्यास पार्किंगचे शुल्क लागते का, हेही याच ईमेलमध्ये यावे.

विमा

मोटार विम्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात यांत्रिक किंवा विद्युत बिघाड आणि झीज यांना भरपाई नसते. मात्र पूर, आग, वीज कोसळणे, अपघात, उंदराने वायर कुरतडणे अशा बाहेरच्या कारणाने नुकसान झाले असेल तर चित्र बदलते, आणि अलीकडच्या पॉलिसींमध्ये बॅटरी, मोटर आणि चार्जर यांसाठी वेगळे पूरक कवच घेता येते. त्यांपैकी काहींत दाब वाढून झालेले नुकसानही येते. माझ्या पॉलिसीत ते नव्हते. ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांनी ती संपण्याच्या वर्षीच्या नूतनीकरणात हे कवच जरूर पाहावे.

दावा करायचा असेल तर दुरुस्ती सुरू होण्यापूर्वी विमा कंपनीला कळवावे आणि सर्व्हेअरने गाडी उघडलेल्या अवस्थेत पाहिली पाहिजे. घसाऱ्याचे गणित स्वतः तपासावे. चार ते पाच वर्षांच्या गाडीत सर्वसाधारण भागांवर ३५ टक्के घसारा कापतात, पण रबर, प्लॅस्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के. ऑनबोर्ड चार्जर ही बॅटरी नव्हे. तो चुकून बॅटरीच्या रकान्यात गेला, तर १,५६,००० रुपयांच्या भागावर २३,४०० रुपयांचा फटका बसतो. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी जावे, ३० दिवसांत समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे. मुंबई आणि पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत, तक्रारीला शुल्क नाही, वकील लागत नाही आणि एका वर्षाच्या आत जावे लागते.

कंपनीकडे मदत मागणे

वॉरंटी संपली तरी कंपन्या काही प्रकरणांत ‘गुडविल’ म्हणून खर्चाचा वाटा उचलतात. हा हक्क नाही. म्हणून पत्राचा सूर मागणीचा नसावा, पण लाचारीचाही नसावा. पत्र कंपनीच्या विभागीय सेवा व्यवस्थापकाच्या नावे, डीलरला प्रत देऊन पाठवावे. गाडी घेतल्याची तारीख, किलोमीटर, सर्व सर्व्हिस अधिकृत ठिकाणी केल्याच्या नोंदी, निदानाचे लेखी उत्तर आणि नेमकी विनंती एका पानात मांडावी. ‘सदर युनिट गाडीच्या अपेक्षित आयुष्याच्या मानाने फार लवकर निकामी झाले असून आपल्याच निदानानुसार कारण अंतर्गत आहे. पार्टची किंमत कंपनीने सोसावी आणि मजुरी व कर मी भरेन, अशी विनंती आहे,’ असे स्पष्ट वाक्य ‘कृपया सहकार्य करावे’ यापेक्षा जास्त काम करते. पहिला नकार बहुधा डीलरच्या पातळीवरचा असतो, म्हणून एकदा वरच्या पायरीवर जावे. मला दोन्हीकडून नकार आला. कारण माझ्या बाबतीत दोष बाहेरच्या दाबाचा होता आणि तो नकार मला अयोग्य वाटला नाही.

बाहेर दुरुस्ती करावी का

ऑनबोर्ड चार्जर म्हणजे आत एक-दोन बोर्ड, काही मॉस्फेट (वीज झटपट चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर), कपॅसिटर, रिले, फ्यूज आणि कूलंटची वाट असलेला ॲल्युमिनियमचा डबा. बाहेरून जास्त दाब आला की बहुधा एसी पुरवठ्याच्या बाजूचे फ्यूज, व्हॅरिस्टर, रेक्टिफायर आणि पुढचे मॉस्फेट जातात. उरलेला डबा शाबूत असतो. हे काम करू शकणारी माणसे ‘ईव्ही रिपेअर’च्या पाटीखाली शोधण्यापेक्षा औद्योगिक वसाहतींत शोधावीत. भोसरी, इचलकरंजी, शिरोली, सातपूर येथे सीएनसी मशिनचे ड्राइव्ह, लूमचे इन्व्हर्टर आणि सोलर इन्व्हर्टर दुरुस्त करणारे लोक वर्षानुवर्षे आहेत आणि तीनशे-चारशे व्होल्टची डीसी वाहिनी त्यांना नवी नाही. माझे युनिट शिरोलीत अशाच एका कारागिराने आठ दिवसांत दुरुस्त केले. गाडीतून ते काढण्याचे आणि बसवण्याचे काम मात्र उच्च दाबाचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे आणि ते सर्व्हिस सेंटर मजुरी घेऊन करते का, हे आधी विचारावे.

कारागिराला चार प्रश्न विचारावेत. बोर्ड रेझिनमध्ये पूर्ण बुडवलेला असेल तर तो उघडता येईल का? डब्याचे सील नवे लावून हवेच्या दाबाने गळती तपासली जाईल का? मॉस्फेटखालचा उष्णतावाहक थर नव्याने घातला जाईल का? आणि बसवण्यापूर्वी युनिट टेबलावर भार देऊन चालवून दाखवता येईल का? दुसऱ्या प्रश्नावर जो अडखळतो त्याला काम देऊ नये, कारण सील न झालेला डबा पहिल्याच पावसात पाणी पितो आणि मग इन्सुलेशन जाऊन गाडी भर रस्त्यात थांबते. बॅटरी पॅक मात्र अशा ठिकाणी उघडू देऊ नये. ते वेगळ्या जोखमीचे काम आहे.

अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचे जुने युनिट हा तिसरा मार्ग. कुर्ल्याच्या बाजारात आणि विम्याचा माल घेणाऱ्या व्यापाऱ्यांकडे अशी युनिटे येतात. पार्ट क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत जुळला पाहिजे, कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज दिसला तर गाडी पुरातली समजावी आणि ते युनिट आपल्या गाडीशी सॉफ्टवेअरने जोडून देणारा कोण, हे पैसे देण्यापूर्वी ठरलेले असावे. तसे न ठरवता घेतलेले युनिट कपाटात पडून राहते.

बाहेर दुरुस्ती केल्याने उरलेली बॅटरीची वॉरंटी जाईल का, ही भीती रास्त आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात असे म्हटले होते की, स्वतंत्र मेकॅनिककडे गेला म्हणून ग्राहकाची वॉरंटी सरसकट रद्द करता येणार नाही; सदोष दुरुस्तीने जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. हा आदेश पुढे अपिलांत गेला, म्हणून तो ढाल म्हणून पुरेसा समजू नये, पण पत्रात त्याचा उल्लेख जरूर करावा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलवर वाहन क्षेत्राचाही समावेश आहे. ते माहितीचे साधन आहे, कायदा नव्हे. व्यवहारात सर्वांत उपयोगी ठरते ती एक ईमेल: ‘ऑनबोर्ड चार्जर बाहेर दुरुस्त केल्यास बॅटरीच्या वॉरंटीवर काय परिणाम होईल, ते कलमासह कळवावे.’ उत्तर आले तर स्पष्टता मिळते, आणि न आले तर आपण विचारले होते याची नोंद राहते.

कोणता मार्ग निवडावा, हे गाडीच्या आजच्या बाजारभावावर, बॅटरीच्या तब्येतीवर आणि ती किती वर्षे ठेवायची यावर ठरते. बॅटरी सशक्त असेल आणि गाडी आणखी पाच वर्षे वापरायची असेल, तर नवे युनिटही परवडू शकते. बॅटरीही खचली असेल तर आधी तिची मोजणी करून घ्यावी आणि मगच चार्जरवर पैसा घालावा.

ग्राहक आयोग

दोष उत्पादनातलाच आहे असे आपल्या कागदांवरून दिसत असेल, किंवा चुकीच्या निदानाने पैसे गेले असतील, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. अनेक प्रकरणे तेथेच मिटतात. न मिटल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे जाता येते, कंपनीच्या गावी जावे लागत नाही. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क ४०० रुपये. जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. उत्पादनातला दोष नुसत्या म्हणण्याने सिद्ध होत नाही. आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, म्हणून जुना भाग सील करून जपून ठेवावा. आधी भाग बदलून जुना भंगारात दिला, तर मुद्देमालच उरत नाही.

गाडी ताब्यात घेताना आणि त्यानंतर

पैसे देण्यापूर्वी एसी चार्जरवर निदान तासभर आणि डीसी चार्जरवर दहा-पंधरा मिनिटे गाडी लावून पाहावी, ‘रेडी’ अवस्थेत १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब पुन्हा मोजावा, सगळ्या युनिटचे कोड पुसून पुन्हा तपासलेला अहवाल घ्यावा आणि दुरुस्तीनंतरचे इन्सुलेशनचे मोजमाप बिलावर लिहून घ्यावे. बिलावर नव्या किंवा दुरुस्त युनिटचा अनुक्रमांक असावा. पाचशे किलोमीटरनंतर कूलंटची पातळी पाहावी.

राहिला तो मूळ कारणाचा प्रश्न. आमच्या इमारतीच्या मीटर-पॅनेलमध्ये न्यूट्रलची थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) सैल होऊन जळाली होती. तीन फेजच्या पुरवठ्यात न्यूट्रल सुटला की काही घरांतला दाब २३० वरून ३००-४०० व्होल्टकडे चढतो आणि काहींत पडतो. काही दिवे लख्ख आणि काही मिणमिणते होणे ही त्याचीच खूण. अशा वेळी पार्किंगमध्ये चार्जिंगला लावलेली गाडी ही त्या लाइनवरची सर्वांत महाग वस्तू असते. बरेच जण सर्ज प्रोटेक्टर बसवून निश्चिंत होतात, पण तो विजेच्या क्षणभराच्या लोटासाठी असतो. मिनिटभर टिकणाऱ्या जास्त दाबापुढे तो स्वतःच जळतो. त्यासाठी ठरावीक दाबाच्या वर गेल्यास लाइन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले लागतो. मी तो २६५ व्होल्टवर लावून घेतला, सोबत ३० मिलीॲम्पचा टाइप-ए आरसीसीबी (वीज गळू लागली की लाइन तोडणारा स्विच) आणि सर्ज प्रोटेक्टर बसवला, आणि न्यूट्रल ते अर्थ यांमधला दाब भार असताना मोजून घेतला. तो तीन व्होल्टच्या वर जात असेल तर इलेक्ट्रिशियनला जोड तपासायला सांगावे. सोसायटीच्या समितीने आता दर वर्षी मे महिन्यात, पावसाआधी, सगळ्या मीटर-पॅनेलचे जोड आवळून घेण्याचे ठरवले आहे.